करुणा शिकवता येते का?

माझी मावसबहीण बी.एस्सी. नर्सिंगला असताना तिची मानसोपचार विभागात पोस्टिंग लागली. पहिल्याच आठवड्यात, रात्रपाळीला, तिच्याकडे एक रुग्ण सोपवण्यात आला. वय पंचेचाळीसच्या आसपास, हात थरथरत होते, अंगाला घाम सुटला होता आणि कपड्यांना शिळ्या देशी दारूचा वास येत होता. ताई त्याच्या खाटेपर्यंत गेली आणि तशीच मागे फिरली. तिच्या वडिलांच्या अंगालाही असाच वास येत असे. तिचे बालपण त्या वासाच्या धाकात गेले आहे. (हे सारे तिला विचारूनच लिहितो आहे.)

तिला शिकवणाऱ्या मॅडमनी तिला परत फिरताना पाहिले होते. आता रुग्णसेवेवर व्याख्यान ऐकावे लागणार, असे ताईला वाटले. मॅडमनी एवढेच विचारले, "नाडी किती आहे?"

"पाहिली नाही."

"मग बघ. दोन्ही हात पुढे करायला सांग, बोटं पसरायला सांग, थरथर किती ते लिही. घाम नुसता तळहाताला आहे की कपाळावर थेंब आहेत, ते लिही. तासाभराने परत जा. राग येतोय ना? येऊ दे. राग आला तरी नाडी मोजता येते."

ताईने हा प्रसंग सांगितला तेव्हा मला मॅडमचे बोलणे कोरडे वाटले होते. सेवा भावातून उगवते, अंतःकरण शुद्ध असेल तर हात आपोआप योग्य तेच करतात, हे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग ज्या मुलीच्या मनात भाव तर नाहीच, उलट घृणा आहे, तिला नाडी मोजायला पाठवणे ही सेवा कशी? आणि असे असेल तर परिचारिकांना नेमके काय शिकवायचे असते? करुणा शिकवता येते का?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. वैद्यकातले मला जे थोडेफार कळते ते भाषांतराच्या निमित्ताने वाचलेले आणि ताईकडून तपासून घेतलेले आहे. पण गेले वर्षभर हा प्रश्न डोक्यातून जात नाही. आपल्यापैकी अनेकजण व्यसनमुक्तीच्या शिबिरांत काम करतात, म्हणून तो आपल्यासमोर ठेवतो आहे.

आधी त्या नोंदींविषयी. अनेक वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने ती एकाएकी थांबवली, तर साधारण सहा ते चोवीस तासांत शरीर कुरकुरू लागते. थरथर, घाम, मळमळ, झोप उडणे असा त्रास सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत काहींना झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींचे भान सुटते, भिंतीवर किडे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात. गावाकडे याला 'वात झाला' म्हणतात. यात माणूस दगावूही शकतो. म्हणून परिचारिकेला दहा गोष्टींचा एक तक्ता शिकवतात. मळमळ, थरथर, घाम, बेचैनी, डोकेदुखी, स्थळकाळाचे भान अशा प्रत्येक गोष्टीला ती गुण देते. सर्वांची बेरीज जास्तीत जास्त ६७ होते. ती वाढत चालली की डॉक्टरांना बोलवायचे, औषधाची मात्रा ठरवायची. आणखी एक बारीकशी गोष्ट शिकवतात. अशा रुग्णाच्या शरीरात बहुधा थायामिनची, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची, कमतरता असते. ते न देता नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून आधी थायामिन आणि मग ग्लुकोज. हा क्रम कितीही प्रेमळ माणसाला आपोआप सुचणार नाही.

हे वाचताना मला आपली शिबिरे आठवली. शिबिराच्या शेवटी हात वर करून संकल्प घेतला जातो, 'आजपासून स्पर्श करणार नाही.' त्या ओळीचे भाषांतर मीच केलेले आहे. संकल्पाची शक्ती मी नाकारत नाही. पण त्या हात वर करणाऱ्यांत एखादा असा असेल, जो वीस वर्षे रोज सकाळी उठल्याबरोबर पितो आहे, आणि तो आपल्या शब्दाखातर त्याच रात्री, घरी, एकटा, एकाएकी थांबला, तर? आपण त्याला घरी पाठवले, टाळ्या वाजवल्या, आणि तिसऱ्या रात्री त्याला झटका आला तर जवळ कोण आहे? आपला भाव तेव्हाही शुद्धच असेल. मला ही गोष्ट माहीत नव्हती. माहीत झाल्यानंतर मात्र 'आमचा हेतू चांगला होता' एवढे म्हणून मोकळे होता येत नाही, असे मला वाटू लागले आहे. अशा माणसाला संकल्पाआधी डॉक्टरकडे नेणे हे आपले काम आहे.

ताई म्हणते, खरी परीक्षा मानसोपचार विभागात नसतेच. तिथे रुग्ण कशासाठी आला आहे हे सर्वांना ठाऊक असते. परीक्षा असते हाडांच्या वॉर्डात. पाय मोडला म्हणून माणूस दाखल होतो. तो किती पितो हे कोणी विचारत नाही, किंवा विचारते ते असे: "दारू पिता का हो?" विचारणाऱ्याच्या सुरातच निकाल लागलेला असतो, आणि शेजारी सासरे बसलेले असतात. तो "कधीतरी" म्हणतो. तिसऱ्या रात्री तो सलाइन उपटून टाकतो, आरडाओरडा करतो. मग 'नाटके करतो', 'दारुडा आहे' असे म्हणत त्याचे हात खाटेला बांधले जातात. वास्तविक तो मरणाच्या दारात उभा असतो. याच जागी शिकलेली परिचारिका रक्तदाब घेता घेता, आवाज न बदलता, इतर प्रश्नांच्या ओघात विचारते, "रोज किती लागते? शेवटची कधी घेतलीत?" तिला खरे उत्तर मिळते. म्हणजे इथे तिच्या आवाजातली निंदा गाळणे हा सौजन्याचा भाग नाही, ते थर्मामीटर झटकून घेण्याइतकेच कामाचे आहे. झटकले नाही तर आकडा चुकीचा येतो.

आवाजाचे जे, तेच शब्दांचे. भाषांतर करणाऱ्याला हे जास्त बोचते. अमेरिकेत केली आणि वेस्टरहॉफ या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. पाचशेहून अधिक मानसोपचार-व्यावसायिकांना एका रुग्णाचे वर्णन वाचायला दिले. वर्णन एकच होते, फरक एका शब्दप्रयोगाचा. काहींच्या कागदावर त्या माणसाला 'गैरवापर करणारा' म्हटले होते, काहींच्या कागदावर 'विकार असलेला'. पहिला शब्द वाचणाऱ्यांचा कल त्याला दोषी धरण्याकडे आणि शिक्षेकडे अधिक झुकला. ही सगळी शिकलेली, याच क्षेत्रातली माणसे होती. मग आपण पत्रकांत सरसकट 'नशेडी', 'दारुडे' लिहितो तेव्हा वाचणाऱ्या बायकोचे, मुलाचे, गावातल्या सिस्टरचे मन कुठे झुकत असेल?

आपल्या भाषेत तर गंमतच आहे. संस्कृतात 'व्यसन' या शब्दाचे दोन अर्थ नांदतात, वाईट सवय आणि संकट. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयीच आहे, आणि त्यात राज्यावर येणारी अरिष्टेही आहेत आणि राजाची जुगार-मद्यपानासारखी दुर्गुणी आसक्तीही आहे. मराठीने यातला वाईट सवयीचा अर्थ ठेवला आणि संकटाचा जवळजवळ विसरून गेली. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश केला आहे. याचा अर्थ क्रूर आणि अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क त्या खाटेवरच्या माणसालाही आहे, आणि त्याला साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे.

आता खरा आक्षेप. तो मी स्वतःच कितीदा घेतला आहे. कर्करोगाच्या रुग्णाने आजार मागून घेतला नव्हता. याने रोज संध्याकाळी पैसे मोजून तो विकत घेतला, आणि ते पैसेही मुलीच्या फीचे होते. वाणिज्य शिकणाऱ्याला सवय असते, प्रत्येक रक्कम कोणाच्या तरी खात्यावर पडलीच पाहिजे. मग हे नुकसान कोणाच्या खात्यावर? ताईच्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, वीस वर्षे जे सोसले ते 'तो आजारी होता' या एका नोंदीने शून्य होते का? कोणी तसे म्हटले तर मला त्याचा राग येतो. 'आजार आहे हो' म्हणून सगळे माफ करणारी करुणा बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या खर्चाने केलेली असते.

या प्रश्नावर मला सर्वात उपयोगी पडलेला विचार हॅना पिकार्ड या तत्त्वज्ञ बाईंचा आहे. त्यांनी ऑक्सफर्डमधल्या एका उपचार-समुदायात स्वतः काम केले. तिथे त्यांना एक अजब गोष्ट दिसली. कर्मचारी रुग्णांना त्यांच्या वागण्याबद्दल जबाबदार धरत होते, पण त्यांची निंदा करत नव्हते. जबाबदारी आणि दोषारोप या दोन गोष्टी आपल्या मनात एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. पिकार्ड म्हणतात, त्या सुट्या करता येतात. 'हे तू केलेस, वेगळे करणे तुझ्या हातात आहे, आणि ते तुलाच करावे लागेल', हे म्हणणे म्हणजे जबाबदारी धरणे. ते म्हणताना वरून जो तिरस्काराचा, शिक्षेचा भार टाकला जातो तो दोषारोप. पहिल्याशिवाय रुग्ण बरा होऊ शकत नाही, कारण कर्तेपणच काढून घेतले तर सोडणार कोण? आणि दुसऱ्याने तो उपचारापासून दूर पळतो.

दूर पळणे ही कल्पना नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या राष्ट्रीय केंद्राने केलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूपायी उद्भवलेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, असे त्यात दिसले. आणि दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकाने, फक्त एकाने, कोणता तरी उपचार मिळाल्याचे सांगितले. याला केंद्रांची कमतरता, खर्च, अंतर अशी बरीच कारणे असतील. पण शरम हेही त्यातले एक आहे, याबद्दल मला शंका नाही.

मावशीच्या बाजूने पाहिले तरी पिकार्ड यांचे म्हणणे टिकते. परिचारिकेने निंदा गाळायची ती तिच्या कामापुरती. मावशीने क्षमा केलीच पाहिजे, असे त्यातून निघत नाही. ते खाते मावशीचे. तिथे हात घालण्याचा अधिकार मला नाही, सिस्टरला नाही, आणि आपल्या शिबिरात प्रेमाने 'आता सगळं विसरून जा ताई' म्हणणाऱ्यांनाही नाही.

निंदा बाजूला ठेवली तरी मग रुग्णाशी बोलायचे काय? प्रशिक्षणाचा सर्वात कठीण भाग हाच, असे ताई सांगते. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये एक लेख लिहिला, आणि त्यातून पुढे बोलण्याची एक पद्धत जगभर रुजली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, चांगल्या माणसाला समोरच्याची चूक ताबडतोब दुरुस्त करण्याची ओढ असते आणि तिथेच काम बिघडते. रुग्ण म्हणतो, "सोडायची आहे, पण घेतल्याशिवाय झोपच लागत नाही." आपण म्हणतो, "अहो, पण लिव्हरचं काय? मुलांचा विचार केलात का?" मग तो दारूची वकिली करू लागतो, कारण आपण विरुद्ध बाजूचे वकील झालेलो असतो. शिकलेली परिचारिका म्हणते, "झोपेसाठी घेता, आणि तरी सोडायचं मनात आहे." एवढे बोलून थांबते. पुढचे वाक्य त्याला स्वतःच बोलावे लागते, आणि स्वतः बोललेले माणूस लवकर विसरत नाही.

'शुश्रूषा' हा शब्द आपण आजाऱ्याच्या सेवेसाठी वापरतो. त्याचा मूळ अर्थ आहे, ऐकण्याची इच्छा. हे कोशात पाहिले तेव्हा मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. आपल्या उपदेशांच्या कार्यक्रमांत ऐकण्यासाठी किती मिनिटे ठेवलेली असतात?

हे सारे खरोखर शिकवता येते याचा एक चांगला पुरावा आपल्या गोव्यातला आहे. 'संगत' या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांसोबत एक अभ्यास केला. तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी, ज्यांना हे समुपदेशन मिळाले त्यांतले ३६ टक्के घातक पिण्याच्या पातळीखाली आले होते, आणि ज्यांना केवळ नेहमीची थोडी सुधारित सेवा मिळाली त्यांतले २६ टक्के. चमत्कार वाटावा असा हा आकडा नाही. मला तो म्हणूनच विश्वासार्ह वाटतो. आणि मला आवडला तो त्यांच्या शिकण्याचा प्रकार. ही माणसे आपल्या भेटींचे ध्वनिमुद्रण एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांना गुण देत. आपला आवाज कुठे चढला, कुठे आपण घाई केली, हे सर्वांसमोर ऐकणे काही सोपे नाही. अहंकार घालवण्याच्या साधना आपण बऱ्याच ऐकल्या आहेत, पण ही माझ्या ऐकण्यात नव्हती.

तरीही मला छळणारी एक शंका उरतेच. आतून काही वाटत नसताना शिकलेल्या पद्धतीने बोलणे हे ढोंग नाही का? रुग्णाला ते कळत नाही का? हे मी ताईला विचारले. ती म्हणाली, "त्या रात्री मी त्याच्याकडे दोनला गेले, तीनला गेले, चारला गेले. माझ्या मनात काय होतं ते त्याला दिसायला तो शुद्धीवर कुठे होता? पण पहाटे त्याने मला विचारलं, सिस्टर, पाच वाजता याल ना? त्याला माझ्या येण्याची वेळ पाठ झाली होती."

पाळी संपल्यावर मॅडम तिला चहाला घेऊन गेल्या आणि रागाचा विषय त्यांनी तिथे काढला. तो कोणावरचा आहे, या माणसावरचा की दुसऱ्या कोणावरचा, हे त्यांनी तिच्याकडूनच वदवून घेतले. हिल्डगार्ड पेपलाऊ या अमेरिकी परिचारिकेने १९५२ मध्येच आपल्या पुस्तकात मांडले होते की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हाच उपचाराचा भाग आहे, आणि म्हणून परिचारिकेला आपल्या मनातल्या प्रतिक्रिया ओळखता आल्या पाहिजेत. पण एका पाळीला इतके रुग्ण आणि इतक्या कमी सिस्टर असताना असा चहा किती जणींच्या वाट्याला येतो? ताईचे नशीब चांगले, तिला अशा मॅडम मिळाल्या. पुढच्या पोस्टिंगला मिळालेल्या बाई म्हणत, "हे लोक परत येणारच, जीव तोडू नकोस."

परत येतात हे खरेच आहे. पण मधुमेही परत येत नाही का? २००० साली काही अमेरिकी संशोधकांनी व्यसनाधीनतेची तुलना मधुमेह, उच्च रक्तदाब आणि दमा यांच्याशी केली, तेव्हा पथ्य मोडण्याचे आणि आजार उलटण्याचे प्रमाण या सर्वांत सारखेच असल्याचे दिसले. साखर वाढून तिसऱ्यांदा दाखल झालेल्या आजोबांना आपण रागावतो, पण खाट नाकारत नाही. आपल्या शिबिरात संकल्प मोडलेला माणूस मात्र पुढच्या वेळी येत नाही. मी पाहिले आहे, आम्ही दिसलो की तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातो. त्याला परत कसे यायचे हे आपण सांगितलेलेच नसते. पत्रकाच्या नव्या मसुद्यात मी संकल्पाखाली एक ओळ घातली आहे: 'मोडला तर या, आधी या.' संपादक मंडळींना ती ठेवावीशी वाटते की नाही, पाहू.

ताई आता नोकरीला आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या वडिलांना त्यांच्या गावाजवळच्या रुग्णालयात भरती करावे लागले. काविळीचे निमित्त होते. तीन वर्षे ती त्यांच्याशी बोललेली नाही. मावशीने रडत फोन केला तेव्हा मी तिच्याजवळच बसलो होतो. ताईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आई, रडू नको, आधी ऐक. सिस्टरला विचार, ग्लुकोज लावण्याआधी बी-वन दिलं का. आणि शेवटची कधी घेतली ते त्यांना खरं सांग. लाजू नको, आणि कमी करून सांगू नको."

मावशी पलीकडून म्हणाली, "तूच बोल ना त्यांच्याशी एकदा."

"आत्ता नको," ताई म्हणाली, "तू जाऊन विचारून ये. मी फोन धरून थांबते."